ट्रॅक्टरचा अडलेला सांधा



शेतीच्या कामांत माणसाची परीक्षा पाहणारे प्रसंग नेहमींच मोठे असतात असें नाहीं. अवर्षण, अतिवृष्टि, टोळधाड हीं संकटें सर्वांस ठाऊक आहेत आणि त्यांविषयीं पुष्कळ बोललें व लिहिलें जातें. परंतु कधीं कधीं चार बोटें लांबीचा एक लोखंडी तुकडा जागचा हलत नाहीं, एवढ्याच कारणानें ऐन पेरणीच्या दिवशीं सारें काम खोळंबून राहतें. ट्रॅक्टरच्या मागल्या अंगास अवजाराचा फिरता दांडा ज्या सांध्यानें जोडलेला असतो, तो सांधा गंजून अडला म्हणजे काय करावें, आणि विशेषतः काय करूं नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रसंग बहुधा असा येतो. पाऊस उघडलेला आहे. सोयाबीन निघालें, रोटाव्हेटर फिरवून रान भुसभुशीत केलें, आणि आतां हरभरा पेरावयाचा आहे. काळ्या जमिनीचा वाफसा म्हणजे मोजक्या दिवसांचा पाहुणा. तो गेला कीं रान टणक होतें आणि बीं ओलीविना पडून राहतें. रोटाव्हेटर सोडवून ट्रॅक्टरला पेरणीयंत्र लावावयाचें, एवढेंच काम उरलें आहे. रोटाव्हेटरच्या तीन कड्या सहज सुटतात. पण मधला फिरता दांडा ट्रॅक्टरपासून सुटत नाहीं. सारा पावसाळा तो तेथेंच लावलेला राहिला, त्यावर चिखल उडाला, पाणी मुरलें, आणि आतां दोघे गडी घामाघूम झाले तरी तो तसूभर सरकत नाहीं. मग कोणी घण आणतो, कोणी पहार आणतो, आणि कोणी सुचवितो कीं, शेजारचा ट्रॅक्टर आणून साखळीनें ओढून काढूं. याच क्षणीं शेतकऱ्यानें थोडें थांबावें, एवढ्याकरितां हें भाषण आहे.

प्रथम या सांध्याची रचना पाहूं. ट्रॅक्टरच्या मागें, दोन मोठ्या चाकांच्या मधोमध, एक आंखूड दांडा बाहेर आलेला असतो. त्याला आपले शेतकरी व मिस्त्री 'पीटीओ' या नांवानें ओळखतात. इंजिनाची शक्ति केवळ ओढण्याच्या कामीं न लावतां फिरत्या दांड्याच्या द्वारें थेट अवजारास पोंचवावी, ही सोय अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९१८ च्या सुमारास आपल्या ट्रॅक्टरांतून बाजारांत आणली, आणि पुढें ती जगभर रूढ झाली. आपल्याकडे सर्वत्र आढळणारा हा दांडा सुमारें ३५ मिलिमीटर व्यासाचा असून त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेनें सहा उंच दांते असतात. त्यांस कारागीर 'स्प्लाइन' म्हणतात. त्यावर अवजाराकडून येणाऱ्या दांड्याचें तोंड बसतें. या तोंडाच्या आंत तशाच सहा खांचा असतात, आणि बाहेरच्या अंगास दोन कान असतात. त्यास 'योक' म्हणतात. दोन योकांच्या कानांत अधिकचिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा बसविलेला असतो, तो 'क्रॉस'. अवजार वरखालीं झालें तरी दांडा न मोडतां फिरत राहतो, तो या क्रॉसमुळें. या युक्तीला सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्दानो याचें नांव मिळालें आहे, आणि सतराव्या शतकांत इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें तिचा अभ्यास करून ती उपयोगांत आणली, म्हणून तिला हूकचा सांधा असेंही म्हणतात.

आतां हा सांधा अडतो कां? पुष्कळांची समजूत अशी कीं, गंज म्हणजे लोखंडाची झीज. मग झिजलेली वस्तु सैल व्हावयास पाहिजे. पण लोखंडाचा गंज झाला म्हणजे तो मूळ लोखंडाहून किती तरी अधिक जागा व्यापतो. दांते आणि खांचा यांमध्यें मुळांत केसाएवढी फट असते. ती फट गंजानें भरते, आणि पुढें तो गंज पाचरीसारखा दोन्ही अंगांवर दाब आणतो. त्यांत यंत्राच्या थरथरीनें दांते एकमेकांवर घासून जी तांबूस पूड पडते, तिचीही भर पडते. म्हणजे आपणांस सोडवावयाची असते ती एक पाचर नव्हे; सहा दांत्यांच्या बारा बाजूंस बसलेल्या बारा पाचरी असतात. त्या एका घावानें सुटत नाहींत, यांत नवल तें काय?

कामास हात घालण्यापूर्वीं अवजार जमिनीवर टेकवावें, पीटीओचा दांडा बंद स्थितींत आणावा, ब्रेक लावावा, इंजिन बंद करून किल्ली काढून खिशांत ठेवावी. इंजिन चालू ठेवून पीटीओला हिसका दिला म्हणजे सांधा सुटेल, असें सांगणारे शहाणे भेटतात. त्यांचें ऐकूं नये. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण पोलादावर पोलाद आदळलें म्हणजे उडणारी किरच डोळ्याचीच वाट शोधते.

पहिली पाहणी खटक्याची. योक दांड्यावरून घसरूं नये म्हणून त्याच्या कुशींत एक स्प्रिंगचा खटका असतो, आणि तो दांड्याभोंवतीं कोरलेल्या वळ्यांत जाऊन बसतो. कांहीं योकांना खटक्याऐवजीं आडवा बोल्ट असतो. हा खटका जोंवर वळ्यांत बसला आहे, तोंवर हत्तीनें ओढलें तरी सांधा निघावयाचा नाहीं. गंजलेला खटका वरून दाबला गेल्यासारखा दिसतो, पण आंत अडकलेलाच असतो. अर्धा दिवस घण घालून शेवटीं खटकाच सुटला नव्हता असें आढळून यावें, ही गोष्ट कोणत्याही वर्कशॉपांत विचारली तरी ऐकावयास मिळेल. म्हणून खटक्याभोंवतींचा चिखल व जुनें ग्रीस खरवडून काढावें, तारेच्या ब्रशानें घासावें, पातळ तेलाचे थेंब सोडावे, आणि लहान हातोडीनें हलके ठोके देत तो आंतबाहेर मोकळा होईपर्यंत दाबीत राहावें. खटका मोकळा झाला कीं निम्मे सांधे तेथेंच सुटतात.

दुसरी पाहणी भाराची. दांडा तिरपा लोंबकळत असेल, तर त्याचें ओझें योकावर पडून दांते एका अंगास दाबले जातात. अवजार योग्य उंचीवर आणून, खालीं लांकडी ठोकळे देऊन, दांडा सरळ रेषेंत आणावा. हातानें किंचित् मागेंपुढें फिरवावा. पुष्कळदां सांधा गंजानें नव्हे, तर या ताणानें धरलेला असतो.

एवढ्यानेंही काम झालें नाहीं, तर गंजाशीं गांठ आहे असें समजावें. येथें प्रमुख औषध दोन: पातळ तेल आणि काळ. गंज सोडविण्याचें तेल बाजारांत मिळतें. तें नसेल तर डिझेलांत थोडें इंजिनचें तेल मिसळून घ्यावें. ग्रीस येथें निरुपयोगी. तें जाड असल्यामुळें फटींत शिरत नाहीं. दिव्याच्या वातींत ज्या गुणानें तेल चढतें, त्याच गुणानें हें पातळ तेल गंजाच्या बारीक छिद्रांतून आंत सरकतें. परंतु त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळीं तेल सोडावें, रात्रीं निजण्यापूर्वीं पुन्हां सोडावें, आणि सकाळीं काम धरावें. तेल सोडल्यावर योकाच्या जाड भागावर सभोंवार हलके ठोके द्यावे. ज्या बाजूस ठोकावयाचें, तिच्या समोरच्या बाजूस दुसरा जड हातोडा टेकवून धरावा, म्हणजे ठोक्याचा धक्का ट्रॅक्टरच्या आंत न जातां सांध्यांतच जिरतो. हे ठोके सांधा ढकलण्यासाठीं नव्हेत; गंजाला तडे जावे व तेलाला वाट मिळावी यासाठीं आहेत. शंभर हलके ठोके एका जबर घावाहून अधिक काम करतात.

आतां जें करूं नये, त्याचें कारण नीट समजून घेण्यासारखें आहे. जमिनींत रोवलेल्या खुंट्यावर एक कडें घट्ट बसलें आहे अशी कल्पना करा. कड्याला दोर बांधून ओढलें, तर कडें निघण्याआधीं खुंटाच उपटून येईल. कारण आपला सारा जोर शेवटीं खुंटा ज्या मातींत उभा आहे, त्या मातीवर पडतो. परंतु एका हातानें खुंटा खालीं दाबून धरला आणि दुसऱ्या हातानें कडें वर ओढलें, तर जोर फक्त त्या दोघांच्या मधल्या घट्टपणावर पडतो. मातीला त्याची दादही लागत नाहीं. पीटीओचा दांडा हा खुंटा, आणि ट्रॅक्टरची गिअरपेटी ही ती माती होय. शेजारच्या ट्रॅक्टरनें साखळी लावून ओढलें, कीं तो जोर आंतील बेअरिंगवर आणि त्यास धरणाऱ्या कड्यांवर जातो. योक आणि पेटी यांमध्यें पहार घालून उचकटलें, कीं बिडाच्या पेटीचा काठ तुटतो किंवा तेल अडविणारें रबरी सील फाटतें. दांड्याच्या टोंकावर घण घातला, कीं तें टोंक अळंब्यासारखें पसरतें, आणि मग योक निघावयाचा असला तरी निघूं शकत नाहीं. योकाच्या कानांवर घाव घातले तर ते वांकतात, आणि पुढें क्रॉस त्यांत सरळ बसत नाहीं. सांधा सुटला काय आणि न सुटला काय, नुकसान मात्र झालेंच.

यावर खरें साधन म्हणजे 'पुलर'. याला दोन किंवा तीन पाय असतात आणि मधोमध एक स्क्रू असतो. क्रॉसचीं लॉकें काढून क्रॉस बाहेर घ्यावा, म्हणजे योकाच्या आंतून दांड्याचें टोंक उघडें होतें. त्या टोंकावर एक जाड धातूची चकती ठेवून त्यावर स्क्रू टेकवावा, आणि पाय योकाच्या मागल्या कडेस अडकवावे. स्क्रू आवळला कीं तो दांड्याला आंत दाबतो आणि योकाला बाहेर ओढतो; म्हणजे खुंटा दाबणारा हात आणि कडें ओढणारा हात, दोन्ही या एकाच हत्यारांत आहेत. गिअरपेटीवर त्याचा भार येत नाहीं. यांतही रीत संभाळावी: स्क्रू ताठ होईपर्यंत आवळावा, योकावर सभोंवार चार ठोके द्यावे, तेल सोडावें आणि थांबावें, थोड्या वेळानें पुन्हां पाव फेरा. ताण, ठोका आणि विसावा, हा क्रम मोडूं नये. सुटतांना पुष्कळदां 'टक्' असा आवाज होतो आणि योक एकाएकीं पुढें उसळतो. म्हणून कोणीही त्याच्या समोर उभें राहूं नये, आणि तो खालीं पडूं नये अशा बेतानें त्यास दोरानें बांधून ठेवावें.

क्रॉस काढण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि वाफशाच्या घाईंत असलेल्या शेतकऱ्यानें तो विशेष लक्षांत ठेवावा. क्रॉस निघाला कीं लांब दांडा व रोटाव्हेटर ट्रॅक्टरपासून मोकळे झाले. दांड्यावर उरला तो नुसता योक. पुष्कळ पेरणीयंत्रें स्वतःच्या चाकावर चालतात, त्यांना पीटीओ लागत नाहीं. अशा वेळीं पीटीओ बंद ठेवून, उरलेल्या योकावर झांकण बसवून, खुशाल पेरणीस जावें. योक पेरणीनंतर सावकाश काढावा. निकड पेरणीची होती, योकाची नव्हती. ज्या कामास निकड नाहीं तें निकडीच्या भरांत करावयास गेल्यानेंच बहुतेक यंत्रें मोडतात.

पुलरनेंही सांधा दाद देत नाहीं, तेव्हां अग्नीचा उपाय राहतो. आपल्या खेड्यांतील लोहार आणि सुतार पिढ्यान् पिढ्या बैलगाडीच्या चाकास धाव चढवीत आले. धाव चाकाहून किंचित् लहान घडवितात, गोवऱ्यांच्या जाळांत तापवितात, म्हणजे ती फुगते. तशीच चाकावर बसवून पाणी ओततात, म्हणजे ती आंवळून चाकाला जन्माची मिठी मारते. त्याच न्यायाचा येथें उलट उपयोग करावयाचा: योक तापवून फुगवावयाचा आणि दांडा मात्र थंड ठेवावयाचा. ३५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी योक दीडशें अंशांनीं तापविला, तर त्याचें तोंड मिलिमीटरच्या सुमारें सहा शतांशांइतकें मोठें होतें. हें अंतर केसाएवढेंच. पण गंजाची पकड ढिली होण्यास तें बहुधा पुरतें. मात्र योकाबरोबर दांडाही तापला, तर दोघेही सारखेच फुगतात आणि लाभ शून्य होतो. म्हणून गॅसच्या ज्योतीनें बाहेरून, सभोंवार आणि झटपट तापवावें, व लगेच पुलरचा फेरा द्यावा. योक लाल होऊं देऊं नये, कारण त्यानें पोलादाचें पाणी उतरतें. मागें रबरी सील आहे याचें भान ठेवावें. त्यावर ओलें फडकें धरावें. सर्वांत मुख्य म्हणजे, आधीं सोडलेलें तेल व डिझेल स्वच्छ पुसून टाकल्याविना ज्योत जवळ आणूं नये. प्लॅस्टिकचें आवरण काढून ठेवावें, कडब्याची गंज व डिझेलचे डबे दूर असावे, वाळूची बादली हाताशीं असावी. हें काम जाणत्या मिस्त्र्यानें करावें हेंच बरें.

आणि हेंही साधलें नाहीं, तर योक कापून काढण्यांत कमीपणा मानूं नये. योक बाजारांत मिळतो, आणि तो बदलण्याचा खर्च गिअरपेटी उघडण्याच्या खर्चापुढें क्षुल्लक आहे. कापतांना पाते दांड्याच्या दांत्यांस लागूं न देणें, एवढी दक्षता घ्यावी.

सांधा सुटल्यावर अर्धें काम झालें असें समजावें. दांते व खांचा तारेच्या ब्रशानें घासून रॉकेलनें धुवाव्या. दांत्यांवर उठलेले बारीक कंगोरे कानशीनें हलके उतरावे. दांते पिळवटलेले दिसले, तर अवजारावर वाजवीपेक्षां अधिक भार पडला होता असें जाणावें; त्यांस औषध नाहीं, दांडाच बदलावा लागतो. स्वच्छ योक हातानें सरकला पाहिजे. हातोडीनें बसवावा लागतो तो योक उद्यां हातोडीनेंच काढावा लागेल. दांत्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा, खटक्यास तेल द्यावें. लांब दांडा एकांत एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. तोही गंजून अडला असेल, तर अवजार उचलतांना व वळतांना त्याचा रेटा थेट ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर बसतो, म्हणून त्यांसही ग्रीस द्यावें. जोडतांना दांड्याच्या दोन्ही टोंकांचे योक एका रेषेंत आहेत ना, हें पाहावें. तिरप्या स्थितींत एकटा क्रॉस दांड्यास प्रत्येक फेऱ्यांत दोनदां घाई करावयास व दोनदां रेंगाळावयास लावतो. दुसरा क्रॉस पहिल्याचा हा दोष नाहींसा करतो, पण योक एका रेषेंत असतील तरच. म्हणून नळ्या वेगळ्या करण्यापूर्वीं दोहोंवर खडूनें खूण करावी.

शेवटीं झांकणाविषयीं. सुटका झाल्याच्या आनंदांत पुष्कळ लोक दांड्यावरचें आवरण बाजूस ठेवून 'जरा फिरवून पाहूं' म्हणतात. पीटीओ मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदास नऊ. ३५ मिलिमीटरच्या उघड्या दांड्यास धोतराचा सोगा, पदर किंवा उपरण्याचें टोंक लागलें, तर एका सेकंदांत सुमारें एक मीटर कापड त्याभोंवतीं गुंडाळलें जातें. तेवढ्या वेळांत माणसाला ओरडण्यासही फुरसत मिळत नाहीं, आणि ट्रॅक्टरवर बसलेल्याचा हात दांड्यापर्यंत पोंचत नाहीं. मळणीयंत्रांवरील अपघातांमुळें १९८३ सालीं आपल्या देशांत धोकादायक यंत्रांविषयीं कायदाच करावा लागला. पण कायद्याचा डोळा प्रत्येक खळ्यावर पोंचत नाहीं. तेथें आपलाच डोळा उघडा पाहिजे. आवरण बसविल्याविना पीटीओ सुरू करावयाचा नाहीं, असा नेम घरांतील लहानथोर सर्वांनीं पाळावा.

हें सारें संकट टाळावयास लागतें तरी किती? हंगाम संपला कीं दांडा ट्रॅक्टरवरून उतरवावा, पुसून ग्रीस लावून छपराखालीं आडवा ठेवावा, आणि पीटीओच्या टोंकास टोपण घालावें. काम चालू असेल तेव्हांही महिन्यांतून एकदां योक सोडवून पुन्हां बसवावा. आपल्या वडिलांनीं गाडी जुंपण्यापूर्वीं आंसाला वंगण घातल्याविना कधीं पाऊल टाकलें नाहीं. त्यांस कोणी यंत्रशास्त्र शिकविलें नव्हतें, पण फिरणाऱ्या वस्तूची सेवा केली पाहिजे हें तें पक्कें जाणून होते. बैलाच्या जागीं इंजिन आलें म्हणून ती सेवा चुकत नाहीं. बैल कुरकुरतो, लंगडतो, आपलें दुःख धन्यास कळवितो; लोखंड तसें कांहीं करीत नाहीं. तें मुकाट्यानें गंजत राहतें, आणि नेमकें वाफशाच्या दिवशीं आपला हिशेब पुढें करतें. तो हिशेब हंगामाअखेर पांच मिनिटांच्या वंगणानें चुकता करावा, हेंच सर्वांत स्वस्त होय.